सात नंबरची चप्पल, नऊ नंबरचे बूट

दुपारी झोपणाऱ्या बायकांना मी आयुष्यभर नावं ठेवली. छत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. दुपारी अडीचला मी मैदानावर शिट्टी घेऊन उभी असायची आणि एकाही पोराची मान वाकडी होऊ द्यायची नाही. आता निवृत्त झाल्यापासून जेवण झालं की डोळे आपोआप मिटतात, आणि त्याचाही मला राग येतो.

आजही नुसती पाठ टेकायची म्हणून दिवाणावर आडवी झालेय. पंखा फिरतोय. दिवाणाखाली बुटांचा खोका आहे आणि पाच वाजता केतकी तो न्यायला येणार आहे.

केतकी माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची, धैर्यशीलची मुलगी. धैर्या गेल्या वर्षी गौरी-गणपती झाल्यावर गेला. रविवारी सकाळी मोटारसायकल घेऊन कराडातून निघाला, कुंभार्ली घाटाच्या अलीकडे डांबरी सोडून जंगलातल्या कच्च्या वाटेला लागला, चिखलात गाडी घसरली आणि उजव्या घोट्यावर पडली. वेग असून असून किती, वीसचा. पण पायात होते कॅनव्हासचे बूट. घोट्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, सगळं नीट आहे म्हणाले, आणि नवव्या दिवशी पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली.

आणि हे सगळं होत असताना त्याचे खास बूट, लडाखला जायचं म्हणून घेतलेले, पोटरीपर्यंतचे, चार बकलांचे, कोरे करकरीत, माझ्या दिवाणाखाली. वर्षभर येणारा-जाणारा हेच विचारतोय की बूट होते ना त्याच्याकडे, मग घातले का नाहीत? मीही विचारते. मी तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं विचारते. परवा वर्षश्राद्धाला पंगतीत वाढतानासुद्धा विचारलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, घरी बायको-मुलगी, आणि बूट मळतील म्हणून पायात कॅनव्हास. कुणालाही संताप येईल.

येत्या रविवारी केतकी बापाची गाडी घेऊन त्याच वाटेनं जाणार आहे. बापाच्या मोटारसायकलवाल्या ग्रुपमधली सगळी मंडळी बरोबर आहेत. मी नको म्हणून पाहिलं, ती ऐकत नाही. मग म्हटलं, निदान बापाचे बूट घाल. बूट नऊ नंबरचे, तिचा पाय सहाचा. मी पुढे बोटांच्या जागी कापूस ठासून भरलाय आणि दोन जोड जाड मोजे घालायला सांगितलंय. एवढी चांगली वस्तू वाया का घालवायची?

पंख्याचा आवाज हळूहळू जाड होत जातो. मग त्याच्याखालून दुसरा आवाज येतो. फटक. फटक. कोणीतरी चपला घालून घरात येतंय.

"चपला बाहेर," मी डोळे न उघडता म्हणते. "फरशी पुसलीय."

"काढल्या तर परत घालता येत न्हाईत, आक्का."

मला आक्का म्हणणारा एकच माणूस होता. मी डोळे उघडते, किंवा उघडत नाही, पण तो मला दिसतोय. धैर्या दिवाणाच्या पायथ्याशी उभा आहे. दाढी वाढलीय. काखेत काळी छत्री आहे. मला आश्चर्य वाटायला हवं, पण वाटत नाही. वर्षभर गेला होता, आता आलाय. उशीर केला म्हणून रागच येतो.

"पाय बघ माझे," तो म्हणतो.

मी बघते. पायात तपकिरी रंगाची नवी चप्पल आहे आणि टाच तिच्या मागे दोन बोटं बाहेर लोंबतेय. टाचेला भेगा पडल्यात, मातीनं भरल्यात.

"ही कुठली चप्पल?"

"तूच दिलीस की. तेराव्याला."

मला आठवतं. तेराव्याला गुरुजींना छत्री, काठी, अंथरूण आणि पायातलं द्यायचं असतं. गेलेल्या माणसाला वाटेत उपयोगी पडतं म्हणतात. खरेदी माझ्याकडे होती. मी आदल्या दिवशी गुरुजींना फोन करून त्यांचा नंबर विचारला, ते म्हणाले सात, मी सातची आणली. गुरुजींच्या पायात बसली तेव्हा मीच म्हटलं होतं, बरं झालं, अगदी मापात आली.

"सात नंबर," धैर्या म्हणतो. "माझा नंबर तुला माहीत न्हाई व्हय?"

"गुरुजींना घालायची होती ती."

"गुरुजी चालत्यात व्हय माझ्या वाटंनं?"

मी उठून बसते. "वर्षभर एकदाही आला नाहीस. आईच्या स्वप्नात गेलास, त्या ग्रुपमधल्या पोरांच्या स्वप्नात गेलास, सगळे येऊन येऊन मला सांगतात. माझ्याकडे यायला तुला वर्ष लागलं, आणि आलास तर चपलेची तक्रार घेऊन?"

"छत्री बरी हाय," तो म्हणतो. "छत्रीला माप लागत न्हाई. बूट काढ ते."

खोका मी काढत नाही, तो आपोआप माझ्या मांडीवर आहे. दिवाण अरुंद झालाय आणि त्याला रेक्झिनचं आवरण आलंय. आम्ही दुकानातल्या बाकावर बसलोय. समोर बुटांच्या रांगाच रांगा आहेत, पण फळ्यांवर नाहीत, जमिनीवर आहेत, उंचीप्रमाणे, आणि जमीन लाल मातीची आहे. माझं मैदान आहे हे. चुन्याच्या रेघा मीच मारल्यात. हजारभर जोड सावधानमध्ये उभे आहेत आणि एकातही पाय नाही.

पलीकडून दुकानदार येतो. गळ्यात माझी शिट्टी अडकवलीय. "जगदाळे बाई, एक नंबर मोठाच घ्या," तो म्हणतो. "मोजे बसतात. सगळे वॉटरप्रूफ आहेत."

"तुला विचारलं कुणी?" मी म्हणते. "ती शिट्टी आधी काढ."

धैर्या खाली उकिडवा बसलाय. मोटारसायकलीबाबत बोलताना तो असाच बसायचा, माझ्या दारात, चहाचा कप जमिनीवर ठेवून, आणि समोरच्याला कळो न कळो बोलत राहायचा. मी तेव्हा अर्धं ऐकायची. आत्ता मला प्रत्येक शब्द ऐकू येतोय.

तो रांगेतला एक बूट उचलून माझ्या हातात देतो. "दोन्ही हातांनी पिळ. धुणं पिळतीस तसा."

मी पिळते. तळवा सहज वळतो.

"गाडी अंगावर आली की पायबी असाच पिळला जाणार. ठेव तो. आता ह्यो बघ. दिसायला कसा, मिलिटरीचा वाटतोय ना? पण लेस बाहेर हायत. लेस गिअरच्या दांडीत अडकली की थांबताना पाय भुईला लागत न्हाई आणि माणूस उभ्या गाडीसकट आडवा हुतोय. आमच्यातला एक जण पेट्रोल पंपावर पडला असा. लोक हसले, खुबा गेला त्याचा."

"मग तो पांढरा?" मी रांगेच्या टोकाला असलेल्या एका दांडग्या बुटाकडे बोट दाखवते. तो सबंध प्लास्टिकचा आहे, माणसाशिवाय उभा राहील इतका ताठ.

"तो शर्यतीचा. मैदानात अर्धा तास उड्या मारायला. त्यात दिवसभर डांबरीवर बसलीस तर गुडघा धरतोय, आणि खाली उतरून चालायचं म्हटलं तर बदकासारखं चालावं लागतंय. पोरगी पाटणपर्यंत डांबरीनं जाणार, मग कच्च्या वाटंला लागणार, परत डांबरीनं येणार. तिला दोन्हीचं जमवणारा लागतोय." तो मधल्या रांगेतून एक उचलतो, फार जड नाही, फार हलका नाही. बोटांनी टकटक करत दाखवतो. "नडगीला कवच. घोट्याला दोन्ही अंगांनी टणक वाटी. एका अंगानं असून भागत न्हाई, गाडी कुठल्या अंगानं पडंल ते ती सांगून पडत न्हाई. तळवा ताठ, कारण ओबडधोबड वाटंवर उभं राहून चालवायची असती आणि सगळं वजन पायाखालच्या दांडीवर येतंय. पण बोटांपाशी एवढा वाकला पाहिजे. तिला गिअर कळला पाहिजे बुटातनं."

"कळलं. पण तिच्याकडे तुझे आहेत ना. ह्यातलं सगळं आहे तुझ्या बुटांत."

तो माझ्याकडे बघतो. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो सहसा चिडत नाही. चिडला की आवाज खाली जातो.

"घाल," तो म्हणतो.

"मी?"

"उजव्या पायात घाल."

मी साडी जरा वर घेते आणि त्याच्या बुटात पाय घालते. माझा पाय सहाचाच. केतकीचा पाय माझ्यावर गेलाय, सगळे म्हणतात. कापूस बोटांना लागतो. धैर्या पुढ्यात बसून बकलं लावायला घेतो. पहिलं बकल खटकन बसतं. मग दुसरं. आम्ही अजून बाकावरच आहोत, पण बाक डुगडुगायला लागलाय. माझ्या दोन्ही बाजूंना हँडल आहे आणि खाली टाकी गरम लागतेय. मैदान उतरतं झालंय. दोन्ही बाजूंना झाडं दाट होत चाललीत आणि चुन्याच्या रेघा चिखलात जाऊन मिळतात.

"घट्ट होतंय," मी म्हणते.

"होऊ दे." तो तिसऱ्या बकलाचा पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत ओढतो. नडगीत कळ जाते. चौथंही ओढतो. "आता टाच हालव."

मी टाच उचलते. बूट जागेवर राहतो आणि आत माझी टाच मोकळी वर येते. कापूस दबून गेलाय. घोटा त्या टणक वाटीत नाहीच, वाटी कुठंतरी खाली राहिलीय आणि तिची कड बरोबर हाडावर आलीय.

"बकल नडगी धरतंय," धैर्या म्हणतो. "टाच धरत न्हाई. गाडी पडली की बूट एकीकडं आणि आतला पाय दुसरीकडं. ही कड बघितलीस कुठं आलीय? हीच मोडंल तिचा घोटा. कॅनव्हास परवडला, आक्का. कॅनव्हास घातलेलं पोरगं भिऊन तरी चालवतंय. हे घातलं की तिला वाटणार आपल्या पायाला आता काय होत न्हाई."

मला एकदम घाम फुटतो. मग घाम फुटल्याचा राग येतो. "मला कसं कळणार हे? तू कधी सांगितलंस? आणि तू कुणाला शिकवतोस? एवढं ज्ञान होतं तर स्वतः का घातले नाहीस?"

"विचार," तो म्हणतो. "परत विचार. सगळ्यांपुढं विचारतीस तसं."

मी विचारत नाही. झाडं गेलीत. गाडी गेलीय. मी माझ्या घराच्या आतल्या बाजूला उभी आहे, हातात फरशी पुसायचं फडकं आहे, आणि तो बाहेर उंबऱ्यापाशी पायरीवर बसून बकलं काढतोय. सकाळ आहे. रविवार आहे. तो चहाला आलाय आणि मी म्हटलंय, बुटांनी आत येऊ नकोस. चार डाव्याची, चार उजव्याची. काढता काढता चहा निवतोय.

"हे मला नको दाखवूस," मी म्हणते.

"मी कुठं दाखवतोय? तूच बघतीस रोज."

चहा पिऊन तो परत पायरीवर बसतो आणि बुटांकडे हात नेतो. आणि मला माझा आवाज ऐकू येतो, मैदानावरचा, नेहमीचा. कोरे बूट आहेत ते, धैर्या. तिकडे गुडघाभर चिखल असेल. लडाखसाठी घेतलेत ना, मग जप की जरा. दहा मिनिटं घालायला, दहा मिनिटं काढायला. थांब. मी आत जाते आणि शाळेच्या सामानातला कॅनव्हासचा जोड आणते. नऊ नंबर. स्वतः पांढरा खडू लावून उन्हात वाळवलेला. तो हसतो. म्हणतो, आक्का, ह्यात काय दम न्हाई. मी म्हणते, एका दिवसानं काय होतंय.

छत्तीस वर्षं मी पोरांच्या बुटांची तपासणी केली. मळके बूट दिसले की मैदानाला फेरी मारायला लावली. स्वच्छ बुटांत पाय सुरक्षित आहे का, हे मी एकदाही पाहिलं नाही.

"मी सांगितलं तुला," मी म्हणते. "मीच घालू दिले नाहीत."

"हां."

"पण तू कशाला ऐकलंस?" माझा आवाज फुटतो आणि मला तो आवरत नाही. "सेहेचाळीस वर्षांचा घोडा. बायकोचं ऐकलं नाहीस, डॉक्टरचं ऐकलं नाहीस, सिगारेट सोड म्हणून बोंबलून मेले तेही ऐकलं नाहीस. एवढंच कसं ऐकलंस? एकदा म्हणायचं होतं, तू गप बस आक्का, तुला यातलं कळत नाही. मी चार दिवस बोलले नसते. बिघडलं काय असतं?"

तो पायरीवरून उठत नाही. "मी मेलो त्याचं काय म्हणत न्हाई मी," तो म्हणतो. "मी काय कुक्कुलं बाळ हुतो व्हय? घालायचे असते तर घातले असते. ते माझ्याकडं लागलं. पण तू नंतर काय सांगत सुटलीस? बूट मळतील म्हणून त्यानं आपणहून माझ्याकडं ठेवले. दवाखान्यात तेच, तेराव्याला तेच, वर्षश्राद्धाला पंगतीत तेच. मी तिथंच हुतो की, पानापाशी."

"लाज वाटली मला."

"वाटू दे. पण पोरगी ऐकत हुती ना. बाप आपल्यापेक्षा बुटांना जपत हुता, असं वाटतंय तिला. फोटोकडं बघत न्हाई माझ्या. आणि आता तेच बूट कापूस भरून तिच्या पायात घालतीस, म्हंजे तू सुटलीस."

माझ्याशी असं बोलायची त्याची कधी टाप नव्हती. तो उठतो. छत्री काखेत मारतो. चपलेत बोटं सरकवतो आणि चालायला लागतो, पुढचं पाऊल ओढत, टाच जमिनीला घासत.

"धैर्या, थांब. नऊ नंबर आणते. आत्ता आणते."

"तिचं माप घे आधी," तो वळून न बघता म्हणतो. फटक. फटक.

पंखा. छत. वीज गेली नव्हती, घाम मात्र मानेखाली साचलाय. साडेचार वाजलेत. मी पडल्या पडल्या उजवा पाय पोटाशी ओढून घेते, कारण नडगी ठणकतेय. खोका दिवाणाखाली आहे, सकाळी सुतळीनं बांधला तसाच, गाठ शाबूत. मी साडी वर करून पाय बघते. नडगीवर चार आडवे लाल वळ आहेत, एकाखाली एक, बोटभर रुंद. खालचे दोन फिके आहेत. वरचे दोन दाबले की दुखतात.

पाच वाजता फाटक वाजतं.

"आत्या, झोपली होतीस? तू?" केतकी दारात सँडल काढता काढता म्हणते. गाडीची चावी बोटात फिरवतेय. बापासारखीच उभी राहते, एका पायावर भार देऊन. "खोका कुठाय? आणि हे पायाला काय झालं तुझ्या?"

"बस."

"बसत नाही, उशीर होईल. आई वाट बघतेय."

"केतकी, तुझ्या बापानं बूट आपणहून इथं ठेवले नव्हते."

ती चावी फिरवायची थांबते.

मी सगळं सांगते. पुसलेली फरशी, चहा, पांढरा खडू, एका दिवसानं काय होतंय हे वाक्यसुद्धा. स्वप्नाचं सांगत नाही. स्वप्न सांगितलं असतं तर ते अंग काढून घेणं झालं असतं. ती ऐकते. माझं संपतं तेव्हा ती अजून दारातच आहे, एक सँडल पायात, एक हातात.

"त्यांना घालायचे होते," ती म्हणते.

"हो. हात नेला होता त्यानं."

"वर्षभर, आत्या." तिचा आवाज चढत नाही, खाली जातो. "दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, एवढे बूट प्यारे होते तर आता बसा बूट बघत. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, बोलायला तोंड नाही. ते तुला वाचवत होते."

मला हे माहीत नव्हतं. मी भिंतीला हात लावते. माफ कर म्हणायला तोंड उघडते, तर ती हात वर करते आणि मी गप्प बसते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी हात वर करून गप्प केलंय.

"रडू नकोस," ती म्हणते. "तू रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागेल आणि ते मी करणार नाही."

"नाही रडत."

"बाबांवर चिडायचं तेवढं चिडून झालं माझं. आता तुझ्यावर सुरुवात करणार आहे. आणि लवकर संपवणार नाही."

"चीड," मी म्हणते. "पण आधी गाडी काढ. हे बूट तुझ्या मापाचे नाहीत, आणि दुकान सातला बंद होतं."